दोन बोटे डावीकडे

चिठ्ठीकाकांना एक खरे नाव होते, पण ते फक्त विजेच्या बिलावर येई. एरवी गल्लीत, बाजारात, नेमबाजीच्या क्लबात आणि सासुरवाडीतसुद्धा ते चिठ्ठीकाकाच होते.

बंदुका दुरुस्त करण्याचा त्यांचा धंदा वडिलांपासून चालत आलेला. त्या धंद्यात त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. वस्तू हातात आली की पेच सैल करण्याच्या आधी, अगदी फडक्याने पुसण्याच्याही आधी, ती जशी आहे तशी एका जाड कागदाच्या चिठ्ठीवर उतरवायची आणि चिठ्ठी दोऱ्याने वस्तूला बांधायची. वर ठरलेला मथळा: ‘आली तशी.’ त्याखाली बारीक, सरळ अक्षरात: ‘चाप घट्ट. दस्त्याला उभी चीर, वीतभर. नळीत कोळ्याचे जाळे, कोळी गैरहजर.’ हे लिहून झाल्यावर ती बंदूक क्लबच्या चांदमारीवर नेऊन, काहीही न सुधारता, पाच गोळ्या झाडून पाहायच्या आणि तो निशाणाचा कागद चिठ्ठीला जोडायचा. मगच दुरुस्तीच्या हत्यारांना हात.

दुकान बंद करून दहा वर्षे झाली तरी ही सवय सुटली नव्हती. घरामागच्या खोलीत त्यांचे टेबल, व्हाइस आणि कानशींची फळी अजून होती, आणि शेजारपाजारचे लोक कुलपे, एअरगन, शिलाईची मशीन असले काहीबाही आणून देत. एकदा घरातला कुकर बिघडला, तर काकूंना त्याच्या दांड्याला चिठ्ठी सापडली: ‘आला तसा. शिट्टी वाजत नाही. मालकीण वाजते.’ ती चिठ्ठी काकूंनी फाडली नाही. संसारात पुरावा जपून ठेवावा लागतो, असे त्यांचे मत होते.

दर गुरुवारी चार वाजता अक्का येई. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. काका पंचाहत्तरचे, अक्का एकोणऐंशीची. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची, पाठीने ताठ, जिभेने त्याहून ताठ. बाराही महिने हातात छत्री. तिचा उपयोग काठीसारखा व्हायचा, पण तिला काठी म्हणायची कोणाची छाती नव्हती. अक्का येई, खिडकीजवळच्या खुर्चीत बसे, आणि काकू चहा घेऊन आल्या की म्हणे, “काय चॅम्पियन, बरं चाललंय ना?”

काकूंना चॅम्पियन म्हणणारी जगात एकटी अक्काच होती, आणि त्यात कौतुकाचा अंश औषधालाही नव्हता.

त्याची गोष्ट अशी. सत्तावन्न वर्षांपूर्वी क्लबने पहिल्यांदा बायकांची स्पर्धा घेतली. सात जणी उतरल्या. अक्का बावीस वर्षांची होती आणि गेले वर्षभर सरावात तिच्या आसपास कोणी फिरकत नव्हते. तिची बंदूक वडिलांनी स्वतः तिच्यासाठी बसवलेली. एका वेळी एकच गोळी भरायची, ती उडवायची, मग पुन्हा दुसरी. स्पर्धेत दहा गोळ्या, चाचणीची एकही नाही, आणि निशाणाचे कागद सगळ्यांचे नेम संपल्यावरच खाली उतरवायचे, असा तेव्हाचा नियम. कागद उतरले तेव्हा अक्काच्या दहांपैकी एकही गोळी मधल्या गोलात नव्हती. सगळ्या डावीकडे. अक्का सातवी आली. पहिली आली एक अठरा वर्षांची मुलगी, जिला तोपर्यंत कोणी ओळखतही नव्हते. पुढे तीन वर्षांनी तीच मुलगी अक्काची भावजय होऊन घरात आली, येताना पितळेचा कप घेऊन.

अक्का त्या दिवशी एकच वाक्य बोलली होती: “माशी सरकलीय.” माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो पातळ दात, ज्याच्यावर डोळा ठेवून नेम धरतात. यावर वडील म्हणाले, “मी बसवलेली माशी हलत नसते. तू घाई केलीस.” अक्का म्हणाली, “तपासून बघा.” वडील म्हणाले, “तपासायची म्हणजे माझ्या हातावर शंका घ्यायची.” झाले. दोघेही एकाच मातीचे. अक्काने बंदूक पेटीत ठेवली, पेटी कपाटावर ठेवली, लग्न होऊन गेली तेव्हा सोबत नेली आणि पुन्हा कधी उघडली नाही. परवाना मात्र ती न चुकता नवा करून घेई, आणि कचेरीतला कारकून दर वेळी एकदा अर्जाकडे आणि एकदा अक्काकडे पाही.

तिचे ते वाक्य मात्र घराण्याला पुरले. कोणी लग्नाला उशिरा पोचला की, “काय, माशी सरकली का?” परीक्षेत गणित राहिले की, “माशी सरकली.” जगात इतर लोकांची माशी शिंकते, या घरात ती सरकायची. अक्काच्या नातवंडांनाही कळत नव्हते की हे आपल्या आजीवरून आले आहे.

आणि तो कप. काकूंनी तो कधी शोकेसमध्ये ठेवला नाही. तसले मिरवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी त्यात चहाचे चमचे ठेवले. कप ट्रेमध्ये यायचा, बाजूला साखरेचे भांडे यायचे. अक्काने पहिल्याच दिवशी त्या कपाकडे पाहिले आणि म्हणाली, “मला बिनसाखरेचा.” गेली चोपन्न वर्षे ती बिनसाखरेचा पीत होती.

तर एका गुरुवारी अक्का चार वाजता न येता चार वाजून दहा मिनिटांनी आली, तीही टॅक्सीने, कारण बरोबर एक लांबट लाकडी पेटी होती. टॅक्सीवाल्याने ती आत आणून ठेवली आणि विचारले, “आजी, वाद्य आहे का काय?”

“हो,” अक्का म्हणाली. “एकच सूर निघतो.”

तो गेल्यावर तिने पिशवीतून एक पाकीट काढले. “क्लबचं पत्र आलंय. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणे क्लबला. समारंभाची पहिली गोळी हयात असलेल्या सगळ्यात जुन्या महिला सभासदाने झाडायची. हयात हा शब्द दोनदा लिहिलाय. खात्री करून घेत असावेत.” मग काकूंकडे वळून, “तुला नाही आलं पत्र, चॅम्पियन?”

“आलंय की,” काकू म्हणाल्या. “मला टाळ्या वाजवायला बोलावलंय.”

“ते तुला जमेल.” अक्काने छत्रीच्या टोकाने पेटी काकांच्या दिशेने ढकलली. “महिना आहे हातात. नीट करून दे. गंज काढ, दस्ता घासून काढ, आणि नळी अशी चकचकीत कर की तोंड दिसलं पाहिजे. त्या दिवशी होती तशी.”

काकांच्या हातातले बिस्कीट चहात पडले.

बिस्कीट पडण्याचे कारण त्या दोघींनाही ठाऊक नव्हते. ते जगात फक्त काकांना ठाऊक होते, आणि त्यांनाही अर्धेच.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी वडील बाहेर गेले होते. काका अठरा वर्षांचे होते, वडिलांच्या हाताखाली चार महिने झाले होते, आणि चार महिन्यांत माणसाला जेवढे सगळे येते असे वाटते तेवढे त्यांना येत होते. बहिणीची बंदूक टेबलावर होती. नळीवर जरा काळपट डाग होते. त्यांना वाटले, उद्या सगळा क्लब बघणार, आपली अक्का उठून दिसली पाहिजे. त्यांनी पॉलिश पेपर घेतला. माशी आड येत होती म्हणून ती तिच्या खाचेतून आडवी सरकवून काढली, नळी टोकापर्यंत घासली, अगदी आरशासारखी केली, आणि माशी परत बसवायला गेले तेव्हा लक्षात आले की वडिलांनी कोरलेली बारीक रेघ कुठे दिसत नाही. अर्धी रेघ माशीच्या पायावर असायची, अर्धी नळीवर. दोन्ही अर्धे जुळले की माशी आपल्या जागी. माशीच्या पायावरची होती. नळीवरची पॉलिशमध्ये गेली होती.

काकांनी माशी अंदाजाने बसवली. डोळा बारीक करून बघितले, बरोबर मध्ये वाटली. केसभर इकडेतिकडे, काय फरक पडतो?

काय फरक पडतो, हे त्यांनी सत्तावन्न वर्षे कधी मोजले नव्हते. अक्का म्हणे माशी सरकली, वडील म्हणत घाई केलीस, आणि काका दोघांच्या मध्ये उभे राहून मनात म्हणत, कदाचित खरेच घाई केली असेल. मात्र त्याच महिन्यापासून त्यांनी चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. वडिलांना वाटले, पोरगा शिस्तीचा निघाला.

आता बंदूक टेबलावर आली. काकांनी दोरा घेतला, जाड कागद घेतला, चिठ्ठी बांधली. वर लिहिले, ‘आली तशी.’ आणि पेन थांबले.

चार दिवसांनी, सोमवारी सकाळी, चांदमारीवर कोणी नसते अशा वेळी ते बंदूक घेऊन गेले. तिथला कागदवाला त्यांच्या जुन्या ओळखीचा. निशाणाचे कागद लावणे आणि उतरवणे एवढेच काम तो तीस वर्षे करत होता आणि तेवढ्यावर त्याने सगळ्या क्लबाची लायकी ओळखली होती. काकांनी बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली, सावकाश श्वास सोडत पाच गोळ्या झाडल्या. एकेक भरायची, एकेक उडवायची. कागदवाला कागद घेऊन आला तो हसत.

“काका, बंदूक नंबरी आहे. बघा, पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकतील.”

झाकल्या असत्या. फक्त ते नाणे मध्यापासून दोन बोटे डावीकडे ठेवावे लागले असते.

“माशी उजवीकडे गेलीय जरा,” कागदवाला म्हणाला. “उजवीकडून एक टिचकी मारा हातोडीने. झालं काम.”

“हो,” काका म्हणाले. “एक टिचकी.”

आणि ते बाकावर बसून राहिले. कागदवाल्याने दोनदा विचारले, पाणी हवे का.

काकांची अडचण त्या टिचकीतच होती. माशी जागेवर बसवली की बंदूक सरळ मारणार. समारंभात अक्का उभी राहणार, एक गोळी झाडणार, आणि हात अजून स्थिर असल्यामुळे ती मध्ये लागणार. टाळ्या पडणार. आणि मग सगळे नातेवाईक, ते उशिरा येणारे आणि गणितात राहिलेले, एकमेकांकडे बघून म्हणणार, बघा, बंदूक तर सरळच होती की. चुकली ती अक्काच. म्हणजे काकांनी बंदूक जितकी चांगली दुरुस्त करावी तितकी अक्का कायमची खोटी पडणार. बरे, दुरुस्त न करावी, तर एकोणऐंशी वर्षांच्या बाईने साऱ्या क्लबासमोर पुन्हा दोन बोटे डावीकडे मारायचे. आणि तिसरा रस्ता होता तो तोंड उघडण्याचा. त्याला सत्तावन्न वर्षांचा गंज चढला होता.

पुढच्या गुरुवारी अक्काने विचारले, “झाली का?”

“दस्त्याला तेल पाजतोय. मुरायला वेळ लागतो.”

त्याच्या पुढच्या गुरुवारी, “झाली का?”

“एक स्प्रिंग मागवलीय.”

“तुझी माशी सरकलेली दिसतेय,” अक्का म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर कोरडे हसली. काका उठून खिडकी बंद करायला गेले. खिडकी बंदच होती.

काकूंनी हे सगळे पाहिले होते. नवऱ्याच्या तब्येतीची खूण त्याच्या चेहऱ्यावर शोधायची नसते, त्याच्या टेबलावर शोधायची असते, हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळले होते. तिसऱ्या आठवड्यात त्या चहा घेऊन मागच्या खोलीत गेल्या. काका एका शिलाई मशीनशी उगाच झटापट करत होते. बंदूक होती तशीच फडक्यावर पडलेली, आणि तिला बांधलेल्या चिठ्ठीवर मथळ्याखाली एक अक्षर नव्हते.

“अहो,” काकू म्हणाल्या, “तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

“मला काय झालंय?”

“कुकरवर तुम्ही चार ओळी लिहिल्या होत्या. बहिणीच्या बंदुकीवर एक नाही?”

“लिहीन.”

“कधी? गोळी झाडून झाल्यावर?” त्यांनी चहा ठेवला आणि जाता जाता चिठ्ठी बोटाने उलटी करून पाहिली. मागेही कोरी. “हे बघा, मला विचारायचं नाहीये. पण गुरुवारी तुम्ही सांगणार नसलात, तर मी अक्कांना सांगेन की तुम्हाला ही बंदूक जमत नाहीये.”

“मला जमत नाही?” काका ताडकन उठले.

“मग काय सांगू?” काकू म्हणाल्या आणि गेल्या.

गुरुवारी चार वाजता अक्का आली, तेव्हा काका दारातच उभे होते. “अक्का, आत चल. मागच्या खोलीत.” मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, “अगं, तूही ये.”

काकू हात पुसत आल्या. अक्काने खोलीभर नजर फिरवली, टेबलावर बंदूक पाहिली. नळीवर अजून गंज.

“महिना संपत आला,” अक्का म्हणाली, “आणि हिला तू पाणीसुद्धा लावलेलं नाहीस.”

काकांनी चांदमारीवरचा कागद तिच्या हातात दिला. अक्काने चष्मा बदलला. कागद जवळ धरला, लांब धरला. मग उजव्या हाताची दोन बोटे मिटवून कागदावर ठेवली, काळ्या ठिपक्याचा मध्य आणि गोळ्यांची भोके यांच्या मधल्या जागेत. बरोबर मावली.

“हे कोणी मारलं?”

“मी. वाळूच्या पिशवीवरून. काही न सुधारता.”

अक्काने पेटी पुढे ओढली. झाकणाच्या आत कापडाचा खिसा होता. काकांनी नियमाप्रमाणे त्यालाही हात लावला नव्हता. त्यातून तिने घडी घातलेला एक पिवळा कागद काढला. घड्यांवर तो जवळजवळ फाटला होता. ती खिडकीशी गेली आणि दोन्ही कागद एकावर एक काचेला लावून धरले. उजेड भोकांतून आत आला. नवी पाच भोके जुन्या दहांच्या पुंजक्यात बसली होती. जुना पुंजका थोडा मोठा होता, बस.

“मी घाई केली नव्हती,” अक्का म्हणाली. ती कोणाशी बोलत होती हे काकांना कळले, आणि तो माणूस जाऊन तीस वर्षे झाली होती.

“नाही,” काका म्हणाले. “माशी सरकली होती. मी सरकवली.”

आणि मग त्यांनी सांगितले. पॉलिश पेपर, काळपट डाग, पुसलेली रेघ, अंदाज. सांगताना ते टेबलाच्या कडेवरचा नसलेला गंज अंगठ्याने घासत होते.

अक्का पेटीच्या कडेवर बसली. “म्हणजे ते पॉलिश तू केलं होतंस.”

“हो.”

“मला वाटलं बाबांनी केलं. सकाळी मी त्यांना म्हटलं, बाबा, किती छान चमकतेय. तर म्हणाले, बरं, बरं.”

“बरं, बरं?” काका म्हणाले. “त्यांनी मला तरी कधी म्हटलं बरं?”

“न केलेल्या पॉलिशचं कौतुक घेतलं म्हाताऱ्याने,” अक्का म्हणाली. “आणि मी आयुष्यभर समजत राहिले की एवढं चमकवून दिलं आणि मीच वाया घालवलं.” तिने चष्मा पुसला, जरा जास्त वेळ. मग तिचा आवाज नेहमीच्या पट्टीत आला. “मला एक सांग. ही तेव्हा तुला आवडायची का?” छत्रीचे टोक काकूंकडे.

“मी तिला बक्षिसाच्या वेळी पहिल्यांदा पाहिलं.”

“आणि तेव्हा मला काय वाटलं माहितीये?” काकू म्हणाल्या. “की हा मुलगा माझ्याकडे टक लावून बघतोय. मी घरी जाऊन आईला सांगितलं. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. तुम्ही कपाकडे बघत होता.”

ते खरे होते.

“छान,” काकू म्हणाल्या. “एका माशीवर माझा कप आला, त्यावर माझं लग्न झालं. आता कप तुम्हीच घेऊन जा, अक्का. उरलेलं मी वापरून वापरून जुनं केलंय, ते राहू द्या इथेच.”

“मला काय करायचाय तो कप? पितळ कोण घासत बसणार?” अक्का म्हणाली. “आणि तू दहापैकी नऊ मध्ये मारल्या होत्यास. मी मोजल्या होत्या. सरळ बंदुकीने माझ्याही नऊच झाल्या असत्या.” थांबून म्हणाली, “किंवा दहा.” आणि मग एकदम, “चोपन्न वर्षं बिनसाखरेचा चहा पितेय मी या घरात.”

काकू तिच्याकडे वळल्या. “तुम्हाला डायबिटीस आहे ना?”

“कधीच नव्हता. त्या कपातला चमचा घ्यायचा नव्हता मला.”

“आणि मी,” काकूंनी कमरेवर हात ठेवले, “मी तुमच्यासाठी ती वेगळी बिस्किटं आणते. पुठ्ठ्यासारखी. तीन दुकानं फिरून.”

“अगदी पुठ्ठ्यासारखी असतात,” अक्का म्हणाली. “मला वाटायचं तू मुद्दाम आणतेस.”

काकांना त्या घटकेला खोलीतून निघून जावेसे वाटले, पण दार त्या दोघींच्या मागे होते.

शेवटी अक्काने बंदूक उचलली. नळीच्या टोकाशी बोट नेले आणि माशीवर हलकेच ठेवले. “आता काय करणार हिचं?”

“तू सांग. टिचकी मारली की सरळ होईल.”

“आणि मग सगळे म्हणतील सरळच होती.” तिला समजायला वेळ लागला नाही. काकांना ते सांगायला लागले होते तीन आठवडे. “हात लावायचा नाही माशीला. गंज काढ, नाहीतर कपडे खराब होतील माझे. दस्त्याला तेल लाव. पॉलिश नको. तोंड मला आरशात दिसतं, ते पुरे.” मग तिने ती कोरी चिठ्ठी दोन बोटांत धरली. “आणि हे लिही. सगळं. मोठ्या अक्षरात. तू उभा राहून बोलणार नाहीस ते मला माहितीये, तुझ्या लग्नातही तू नुसती मान हलवलीस. पण चिठ्ठी लिही. ती बंदुकीला बांधलेली राहील आणि मी तशीच झाडेन.”

काकांनी लिहिली. तीन कागद फुकट गेले.

समारंभाच्या दिवशी क्लबचा सेक्रेटरी, जो एरवी दातांचा डॉक्टर होता आणि त्यामुळे लोक आपल्यासमोर तोंड उघडून गप्प बसतात याची त्याला सवय होती, माइकजवळ उभा राहिला. अक्काने बंदूक त्याच्यापुढे धरली. “आधी हे वाचा.”

त्याने वाचले. “आली तशी. नळीवर गंज, वरवरचा. दस्ता शाबूत. चाप हलका, उत्तम. माशी उजवीकडे सरकलेली. गोळी दोन बोटे डावीकडे जाते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी माशी काढली, खूण पुसली आणि अंदाजाने बसवली ती मी. मारणारीचा दोष नाही.” खाली सही होती. सेक्रेटरीने सही वाचली. ते विजेच्या बिलावरचे नाव होते, त्यामुळे क्षणभर कोणालाच कळेना हा कोण. मग मागच्या रांगेतून कागदवाला म्हणाला, “अहो, चिठ्ठीकाका,” आणि सगळ्या माना वळल्या.

काका खुर्चीत आणखी खाली सरकले. काकूंनी त्यांचा हात धरला नाही. कोपराने ढोसून त्यांना सरळ बसवले.

नातेवाइकांच्या रांगेत चुळबुळ झाली. गणितात राहिलेला भाचा छताकडे बघू लागला.

अक्का पुढे झाली. छत्री तिने काकूंकडे दिली, न बघता, जशी माणूस घरच्या खुंटीला अडकवतो. गोळी भरली. चिठ्ठी दोऱ्यावर हलत होती, ती थांबेपर्यंत थांबली. मग बंदूक खांद्याला लावली आणि काकांनी पाहिले, नळीचे टोक ठिपक्यावर आले, तिथे थांबले, आणि तिथून किंचित उजवीकडे गेले.

कागदवाला कागद घेऊन आला. गोळी काळ्यात होती, डावीउजवी अगदी बरोबर. मधल्या गोलाच्या मात्र जराशी वर. टाळ्या झाल्या, काकूंच्या सगळ्यांत मोठ्या. सेक्रेटरी म्हणाला, अप्रतिम, या वयात, आणि अशा माशीने.

अक्काने कागद उजेडात धरला, दूर केला, जवळ आणला.

“ही वर गेली ती माशीमुळे नाही,” ती म्हणाली, आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकले. “ही मी घाई केली.”

पुढच्या गुरुवारी अक्का चार वाजता आली. काकूंनी ट्रे आणला. अक्काने कपातून एक चमचा उचलला, उलटासुलटा करून पाहिला, दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि एक घोट घेतला. तिचा चेहरा आंबट झाला. दुसरा घोट तिने घेतला नाही.

“काय झालं?” काकूंनी विचारले.

“गोड लागतोय.”

“साखर घातल्यावर लागतो तसा.”

“सवय गेली गं माझी,” अक्का म्हणाली आणि चहा पुढे सरकवला. “दुसरा दे. बिनसाखरेचा. आणि ती पुठ्ठ्याची बिस्किटं असतील तर आण.”

काकूंनी बिस्किटे आणली. बंदूक तेव्हा मागच्या खोलीत भिंतीला टेकून होती, तेल लावलेली, चिठ्ठीसकट. अक्का ती घेऊन गेली नव्हती. आपल्याकडे कपाटावर जागा नाही, असे तिने सांगितले होते. आता दर सोमवारी सकाळी ती आणि काकू चांदमारीवर जातात, आणि तिथे काय होते ते काकांना कळत नाही, कारण त्यांना बरोबर नेत नाहीत. फक्त घरी आल्यावर दोघी दोन कागद फ्रिजवर लावतात, आणि काका त्यांच्यावर काही लिहीत नाहीत.